सांगोला: पंधरा निवडणुका आणि चार आमदार

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंत सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघात चौदा सार्वत्रिक निवडणुका आणि १९७४ ची एक पोटनिवडणूक असे पंधरा वेळा मतदान झाले, आणि या पंधरा वेळांत मतदारांनी मुंबईला पाठवलेली माणसे चारच आहेत. त्यांपैकी शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. १९७२ साली काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील एकदा, १९९५ आणि २०१९ साली शहाजीबापू पाटील दोनदा आणि २०२४ साली गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख एकदा, अशी उरलेल्या चार वेळांची वाटणी आहे. राज्यातील २८८ मतदारसंघांत बासष्ट वर्षांचा इतका आटोपशीर हिशेब दुसरीकडे क्वचितच मांडता येईल.

सांगोल्याविषयी बाहेरच्या माणसाशी बोलणे निघाले की ते बहुधा गणपतरावांच्या साधेपणापाशी येऊन थांबते. एसटीने प्रवास करणारा आमदार, आमदार निवासातील साधी खोली, पक्ष न बदलता काढलेले आयुष्य, हे सर्व खरे आहे आणि त्याचा मला आदरही आहे. माझे आजोळ याच तालुक्यातले असल्यामुळे गणपतरावांसाठी वापरला जाणारा ‘आबासाहेब’ हा शब्द मी आमदार या शब्दाच्या आधी ऐकला असावा. तरीही केवळ साधेपणाच्या आठवणींत हा मतदारसंघ गुंडाळून ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात मतदारांचे कर्तृत्व हरवते. एका माणसाला अकरा वेळा निवडून देणाऱ्या मतदारांनी त्याच माणसाला दोनदा घरीही बसवले होते. सांगोल्याचे प्रतिनिधित्व जे काही सकस राहिले, ते आमदार अजिंक्य असल्यामुळे राहिले असे मी मानत नाही. ही जागा कधीही हातून जाऊ शकते याची जाणीव त्यामागे होती असे माझे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेख आहे.

मतदारसंघ समजून घ्यायचा तर आधी पाऊस समजून घ्यावा लागतो. सांगोला हा माणदेशाचा पूर्वेकडील भाग आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथील सरासरी पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि तोही अनेकदा परतीच्या पावसाच्या भरवशावर असतो. माण नदी तालुक्यातून वाहते व पुढे भीमेला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या एका नदीचे नावच कोरडा आहे. ज्वारी, बाजरी, मेंढपाळी आणि दुष्काळात ऊसतोडीसाठी किंवा रोजगारासाठी होणारे स्थलांतर, ही येथील जुनी अर्थव्यवस्था. गेल्या काही दशकांत तिच्यावर डाळिंबाने आपला ठसा उमटवला. कमी पाण्यात तग धरणारे हे पीक येथे इतके रुजले की २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. अजनाळ्यासारख्या गावाने शेततळी आणि डाळिंब यांच्या बळावर उभे केलेले वैभव पाहायला लांबून शेतकरी येत असत. पुढे तेल्या रोगाने आणि खोडकिडीने याच बागा उपटून टाकण्याची वेळ अनेकांवर आणली. ज्या भागात पिकाचे, पावसाचे आणि म्हणून घरखर्चाचे गणित दर तीन-चार वर्षांनी कोलमडते, तेथे आमदाराकडून असणारी अपेक्षाही मुळात पाण्याची असते, आणि गेल्या साठ वर्षांच्या निवडणुका एका अर्थाने त्याच एका प्रश्नावर झाल्या आहेत.

१९६२ साली गणपतराव प्रथम निवडून आले तेव्हा ते सांगोल्यात वकिली करणारे तरुण कार्यकर्ते होते. त्यांचा पक्ष, म्हणजे १९४७ साली शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने काँग्रेसमधून बाहेर पडून उभा राहिलेला शेतकरी कामगार पक्ष, तेव्हा राज्यात प्रमुख विरोधी शक्तींपैकी एक होता. १९६७ साली त्याचे एकोणीस आमदार निवडून आले. अशा काळात सांगोल्याची जागा लाल बावट्याकडे असणे हे अपवादात्मक नव्हते. अपवाद पुढे निर्माण झाला. पक्ष राज्यभर आकसत गेला, त्याचे अनेक नेते काँग्रेसमध्ये किंवा इतरत्र गेले, आणि सांगोला मात्र तेथेच राहिले. १९७२ च्या निवडणुकीत गणपतराव पराभूत झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ आला, ज्याच्या कामांवर खडी फोडलेल्या माणसांच्या आठवणी आजही गावोगावच्या पारावर ऐकायला मिळतात. आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना परत निवडून दिले. दुष्काळामुळेच ते परत आले असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, परंतु त्या दोन वर्षांत लोकांना आपल्या प्रतिनिधीकडून नेमके काय हवे आहे हे अधिक स्पष्टपणे कळले असेल, असे मानायला जागा आहे.

यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय मिळाले. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि पुढे १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव मंत्री होते. हे दोन अल्पकाळ सोडले तर त्यांची कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. आजच्या राजकारणात जो युक्तिवाद सर्रास केला जातो, की सत्तेत नसलेला आमदार मतदारसंघाला निधी आणू शकत नाही आणि म्हणून त्याने सत्तेकडे गेलेच पाहिजे, त्या युक्तिवादाला सांगोल्याचा इतिहास सरळ छेद देतो. विरोधी आमदाराच्या हातात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, अर्थसंकल्पावरील कपात सूचना असते, आणि समित्यांमध्ये अधिकाऱ्यांना समोर बसवून खर्चाचा जाब विचारण्याची संधी असते. ही साधने सर्वांनाच उपलब्ध आहेत. मात्र ती वापरण्यासाठी सभागृहात बसावे लागते, नियमावली वाचावी लागते आणि आदल्या रात्री आकडे पाठ करावे लागतात. गणपतरावांची ख्याती याच कामासाठी होती. ते बोलायला उठले की सत्ताधारी बाकांवरही शांतता पसरते, असे सभागृहातील त्यांच्या प्रतिपक्षीयांनीही वेळोवेळी सांगितले आहे.

आता पाण्याकडे येतो, कारण येथेच विरोधी बाकावरील प्रतिनिधित्वाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि इतर कार्यकर्त्यांनी सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणून आटपाडी येथे पाणी परिषदा भरवल्या. मागणी अशी होती की कृष्णेच्या पाण्यात दुष्काळी तालुक्यांनाही हक्काचा वाटा मिळावा आणि तो समन्यायी पद्धतीने वाटला जावा. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर पुढे त्यावरचा दावा दुबळा होईल, अशी भीती सर्वच पक्षांना वाटत होती. १९९५ साली आलेले युती सरकार पश्चिम महाराष्ट्रातील अपक्ष आमदारांच्या पाठिंब्यावर अवलंबून होते. या दोन गोष्टी जुळून आल्या आणि १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभारण्यात आला, आणि कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने माणदेशाकडे नेणाऱ्या योजनेचे काम सुरू झाले.

यातील एक योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. ज्या १९९५ च्या निवडणुकीनंतर सांगोल्याच्या पाण्याची दारे किलकिली झाली, त्याच निवडणुकीत गणपतराव दोनशेपेक्षाही कमी मतांनी पराभूत झाले होते आणि काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले होते. म्हणजे ज्यांनी पाण्याची मागणी लावून धरली ते सभागृहाबाहेर होते, जे निवडून आले तेही विरोधी पक्षात होते, आणि निर्णय मात्र अपक्षांच्या गरजेतून आणि लवादाच्या मुदतीतून झाला. सांगोल्यातील कोणत्याही एका माणसाच्या खात्यावर टेंभूचे श्रेय पूर्णपणे जमा करता येत नाही, आणि प्रचारसभांमध्ये जेव्हा ते तसे जमा केले जाते तेव्हा मला वाईट वाटते. दीर्घकाळ चाललेल्या चळवळीने मागणी जिवंत ठेवली नसती तर महामंडळ स्थापन झाल्यावरही टेंभूचा कालवा सांगोल्याच्या दिशेने वळला असता की नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. दुसरीकडे, केवळ चळवळीच्या बळावर पंपगृहे उभी राहिली नसती हेही तितकेच खरे आहे. प्रत्यक्ष शिवारात पाणी यायला नवे शतक उजाडूनही बरीच वर्षे जावी लागली. आणि पाणी आल्यावर उपशाच्या वीजबिलाचा प्रश्न आला, जो शासनाने ८१ टक्के आणि शेतकऱ्यांनी १९ टक्के भार उचलावा या निर्णयापर्यंत येईतो वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. म्हैसाळ योजना आणि नीरा उजवा कालवा यांच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांची ‘टेलला पाणी येत नाही’ ही तक्रार तर प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने ऐकू येते.

१९९५ च्या त्या निसटत्या पराभवानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९९९ साली मतदारांनी गणपतरावांना पुन्हा निवडून दिले आणि २००४, २००९, २०१४ असे पुढे देत राहिले. परंतु शहाजीबापूही मैदान सोडून गेले नाहीत. पराभवामागून पराभव पत्करत ते या काळात मतदारसंघात टिकून राहिले, आणि २०१४ साली शिवसेनेकडून उभे राहून सुमारे पंचवीस हजार मतांनी हरले. राज्यातील कित्येक मतदारसंघांत एकाच घराण्याची सत्ता दीर्घकाळ टिकली ती विरोधकच शिल्लक न राहिल्याने. प्रतिस्पर्धी विकत घेतला जातो, पंचायत समितीच्या सभापतिपदावर समाधानी केला जातो किंवा कारखान्याच्या संचालक मंडळात सामावून घेतला जातो. सांगोल्यात तसे झाले नाही. एका बाजूला कितीही आदरणीय आमदार असला तरी दुसऱ्या बाजूला त्याच्या उणिवा गावोगाव सांगत फिरणारा माणूस कायम होता, आणि त्या दोघांचा लाभ मतदारांना झाला.

उणिवा नव्हत्या असे नाही. इतकी वर्षे एकच आमदार असूनही तालुक्यात सूतगिरण्यांपलीकडे म्हणावा तसा उद्योग आला नाही, शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे गेली, आणि सत्तेबाहेर राहण्याची किंमत रस्त्यांनी चुकवली, ही टीका मी आजोळच्या घरात गणपतरावांना मत देणाऱ्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे. आणखी एक उणीव अशी आहे की या चारही आमदारांत एकही स्त्री नाही. दुष्काळात पाण्याचा भार सर्वाधिक वाहणाऱ्या निम्म्या मतदारांना बासष्ट वर्षांत आपल्यापैकी एक प्रतिनिधी मिळू नये, ही बाब गौरवाच्या कोणत्याही भाषणात येत नाही. विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली असली तरी तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधलेली आहे.

सामाजिक अंगाने मात्र सांगोल्याने महाराष्ट्राला काही शिकवले आहे. तालुक्यात धनगर समाजाची संख्या मोठी आहे आणि गणपतराव त्याच समाजातले होते. परंतु ही जागा सर्वसाधारण आहे, आणि मराठा, माळी, दलित, मुस्लिम अशा सर्व समाजांची मते मिळाल्याशिवाय येथे कोणी अकरा वेळा निवडून येऊ शकत नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या भोवती फिरणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राच्या सत्तारचनेत मेंढपाळ समाजातील एक वकील अर्धशतकाहून अधिक काळ सर्वसाधारण जागेवरून निवडून येतो, ही बाब मला त्यांच्या विजयांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

२०१९ साली वयाची नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी निवडणूक न लढवण्याचा निर्णय घेतला आणि शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे केले. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी झाले. दोघांनाही लाखाच्या जवळपास मते होती. म्हणजे अवघ्या ३८५ मतदारांनी आपले मत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला दिले असते तर निकाल उलटला असता. सुमारे तीनशे मतदान केंद्रे धरली तर दर केंद्रामागे जेमतेम एका-दोघांचा हा प्रश्न होता. आपल्या निवडणूक पद्धतीत अशा निकालानंतर पराभूत बाजूच्या जवळजवळ निम्म्या मतदारांना सभागृहात स्थान नसते, आणि निवडून आलेल्या व्यक्तीने त्यांचेही प्रतिनिधित्व करावे अशी केवळ अपेक्षा असते. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे फोनवरील संभाषण महाराष्ट्रभर गाजले, आणि सांगोल्याचे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते त्यांनाही ते माहीत झाले. त्या माणदेशी बोलीचे सर्वांनी कौतुक केले. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे: ज्या पक्षाच्या चिन्हावर एखाद्या आमदाराला मत दिले त्याच्या नेतृत्वाविरुद्ध तो गेला, तर ज्या मतदारांनी ७६८ च्या फरकाने त्याला निवडले त्यांची संमती त्यात कुठे असते? पक्षांतरबंदीचा कायदा या प्रश्नाचे उत्तर पक्षाच्या अंगाने शोधतो. मतदाराचा त्यात पक्षकार म्हणून विचारच नाही. सत्तेत गेल्यावर शहाजीबापूंनी उजनीच्या पाण्यावरील सांगोला उपसा सिंचन योजनेसारखी कामे पुढे सरकवली हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारू नये, आणि मीही नाकारत नाही. तरीही २०२४ साली मतदारांनी आपला कौल फिरवला. बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजार मतांनी निवडून आले आणि बापू दुसऱ्या क्रमांकावर राहिले. भरघोस निधी आणणारा सत्ताधारी आमदार पराभूत होऊ शकतो, हे सांगोल्याने अशा निवडणुकीत दाखवले ज्या निवडणुकीत महायुतीला राज्यभर प्रचंड बहुमत मिळाले होते.

या सर्वांत एक गोष्ट हळूहळू बदलत गेली आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख होती आणि विधानसभेत २६४ आमदार होते, म्हणजे एका आमदारामागे सुमारे दीड लाख माणसे. आमदारांची संख्या १९७८ पासून २८८ वर थांबली आहे, तर २०११ साली लोकसंख्या ११ कोटी २४ लाख झाली, म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसे. गणपतराव ज्या पद्धतीने गाव आणि माणूस ओळखून राजकारण करत होते ती पद्धत दीड लाखांच्या मतदारसंघात घडलेली होती. २००८ च्या पुनर्रचनेत सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडळ जोडले गेले, ज्या गावांचा बाजार, पाणी आणि सोयरिक पंढरपूरकडे आहे. पुढच्या जनगणनेनंतर पुन्हा सीमा आखल्या जातील तेव्हा लोकसंख्येच्या आकड्याबरोबरच कोणती गावे कोणत्या कालव्यावर आहेत हेही पाहिले जावे, असे मला कळकळीने वाटते, कारण एकाच वितरिकेवरील, म्हणजे कालव्याच्या एकाच फाट्यावरील, गावे दोन आमदारांत विभागली गेली की ‘टेल’च्या गावांचे गाऱ्हाणे कोणीच आपले मानत नाही.

सध्याच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा एकच सदस्य आहे, आणि तो सांगोल्याचा आहे. सभागृहात बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतो, त्यामुळे एकट्या सदस्याच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. २०२४ च्या निकालात कोणत्याही विरोधी पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने लागणाऱ्या एक दशांश, म्हणजे २९ जागा, मिळाल्या नाहीत. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना मात्र एकट्या सदस्यालाही देता येतात. टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजवा कालवा यांतून सांगोल्यासाठी मंजूर झालेले पाणी किती, प्रत्यक्ष सोडलेले किती आणि शेवटच्या गावात पोहोचलेले किती, हे तीन आकडे दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर मागून घेणे आजही शक्य आहे, आणि सांगोल्याच्या आमदारांनी ते मागावेत यासाठी आम्ही आजोळचे काही जण यंदा त्यांना लेखी निवेदन देणार आहोत.